साडूंची युद्धनौका

खोक्यात एक हजार एकशे त्रेचाळीस भाग होते. धाकट्या जावयांनी ते दोनदा मोजले. एकदा खोक्यातून काढताना आणि एकदा डब्यांत भरताना. नऊ मोठ्या तोफा, दोन नांगर, एक धुराडं. विमानांवर मारा करायच्या तोफा तर इतक्या बारीक, की त्यांच्यापुढे मोहरी म्हणजे कलिंगड!

"एकही भाग कमी नाही," त्यांनी बायकोला जाहीर केलं. "आता बघच तू! असं जहाज करतो, की साडूंनी आपलं जहाज स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकलं पाहिजे!"

"आधी जेवायच्या टेबलावरून हे आरमार हलवा," बायको म्हणाली. "मग जगाशी लढा."

पण लढाई जगाशी नव्हतीच. लढाई एकाच माणसाशी होती, आणि तो माणूस दातांचा डॉक्टर होता.

सासरेबुवांनी उभी हयात बंदरावर क्रेन चालवली होती. जहाज म्हटलं की म्हातारबुवांच्या डोळ्यांत दिवे लागत. त्यातही जपानची ती जुनी, अवाढव्य युद्धनौका यामातो म्हणजे त्यांचा जीव की प्राण. थोरल्या जावयांनी, म्हणजे डॉक्टरांनी, हे बरोबर हेरलं आणि हातभर लांबीची यामातो बनवून त्यांना भेट दिली. खऱ्या जहाजाच्या सातशेपट लहान! तेव्हापासून ती बैठकीतल्या काचेच्या कपाटात, मधल्या खणात विराजमान होती. घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी जहाज दाखवलं जाई, मग पाणी विचारलं जाई. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला बाबांनी एकदा तोफांची माहिती इतका वेळ सांगितली, की मोरीतलं पाणी बैठकीत आलं!

"आमच्या थोरल्या जावयांचे हात बघा!" बाबा म्हणायचे. "हात नव्हेत हो, सोनं आहे!"

हे ऐकलं की धाकट्या जावयांना समोरचा घास गिळवत नसे. त्यांचे हात काय माती होते? वजनकाटे तपासायची त्यांची नोकरी. केसाचं वजन करणारे काटे ते चिमट्याने जुळवत. कुठलाही काटा तपासण्याआधी तो ज्या ओट्यावर ठेवलाय तो ओटा सपाट आहे का ते बघायचं, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. नवीन माणसांना हा नियम त्यांनी इतक्या वेळा ऐकवला होता, की ऑफिसातला चहावालाही कप ठेवण्याआधी टेबल हलवून बघायचा!

एका शनिवारी सगळे सासरी जमले असताना त्यांनी खिशातून कोन मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि सहज केल्यासारखं साडूंच्या जहाजावर टेकवलं. आकडा दिसताच त्यांचा चेहरा असा उजळला, जणू पगारवाढ झाली!

"साडूभाऊ! तुमचं जहाज डावीकडे दीड अंश कललंय!"

सासूबाईंनी काळजीने विचारलं, "म्हणजे बुडेल का हो?"

"कपाट वाकडं असेल," डॉक्टर सगळे दात दाखवून शांतपणे हसले.

"कपाट कशाला वाकडं असेल? हात वाकडा पडला म्हणा की! होतं असं. मी करेन ते मात्र शून्य अंशात असेल. आणि दुप्पट मोठं असेल!"

असं बोलून गेल्यावर माघार कशी घ्यायची? म्हणून ते खोकं आलं होतं.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण उभी राहिली. साडूंच्या जहाजावर डोलकाठीपासून डेकपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक दोऱ्या ताणलेल्या होत्या. त्या कशाच्या, ते खोक्यातल्या कागदावर कुठेच नव्हतं. सरळ विचारायचं म्हणजे नाक कापून घेणं. शेवटी धाकटे जावई काहीही दुखत नसताना साडूंच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीत आडवे झाले.

"कुठला दात?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळेच," धाकटे जावई म्हणाले.

तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं असताना त्यांनी शक्य तितक्या बेफिकिरीने विचारलं, "आँ... ओऱ्या अशाच्या?"

"दोऱ्या होय?" डॉक्टर लगेच म्हणाले. असली भाषा समजण्यात त्यांची हयात गेली होती. "अहो, सोपं आहे! खोक्यात सांगाडे उरतात ना प्लास्टिकचे, त्यांचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा. मऊ झाला की दोन्हीकडून ओढायचा. केसासारखा धागा निघतो. आणि चिकटवताना सुपरग्लू जपून हं! तोंड मोठं उघडा. अजून काही अडलं तर बिनधास्त या."

एवढ्या मोकळ्या मनाने सांगितलं! धाकट्या जावयांचा अगदी तिळपापड झाला. लपवून ठेवलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या!

मग घराचं गोदीत रूपांतर झालं. जेवण ओट्याशी उभ्याने होऊ लागलं. एक तोफ गालिच्यात पडली म्हणून घर झाडायला बंदी आली. बायको एकदा शिंकली, तर सहा होड्या आणि दोन शिड्या टेबलावरून उडाल्या.

"माझं लग्न तुमच्याशी झालंय की नौदलाशी?"

"तुझ्या ताईच्या नवऱ्याला विचार. सुरुवात त्यांनी केली!"

"ताईच्या नवऱ्याने ताईला शिंकायला बंदी नव्हती घातली!"

अखेर जहाज तयार झालं. पंचाहत्तर सेंटीमीटर लांब, राखाडी, रुबाबदार. धाकट्या जावयांनी ते ऑफिसात नेलं आणि ज्या दगडी ओट्यावर देशातले नाजूक काटे तपासले जात, त्यावर ठेवून यंत्र लावलं. शून्य! त्यांना आनंदाने भरून आलं. आता फक्त जहाजाच्या मागच्या टोकाची विमानं उचलायची क्रेन लावायची राहिली होती. ती त्यांनी मुद्दाम राखून ठेवली होती. क्रेन चालवलेल्या सासऱ्यांसमोर क्रेन चिकटवायची, म्हणजे म्हातारबुवा विरघळलेच पाहिजेत!

आणि विरघळले! शनिवारी जहाज बैठकीत आलं, तेव्हा बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. चष्मा पुसला. जहाजाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"वा, जावईबापू! ही तर खरीच वाटते हो! ठेवा मधल्या खणात. थोरल्यांचं जहाज वर सरकवा."

हेच! याच शब्दांसाठी सगळा अट्टाहास! धाकट्या जावयांनी साडूंचं जहाज उचललं आणि वरच्या खणात सारलं. वरचा खण उथळ होता. जहाज नीट तिरकं लावलं असतं तर मावलं असतं. पण शत्रूच्या जहाजाला कोण एवढं जपतो? त्यांनी ते आत ढकललं आणि दार लोटून घेतलं. साडूंची युद्धनौका दाराच्या काचेला नाक टेकून उभी राहिली, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी. मग मधल्या खणासाठी दार जरासं उघडं धरून त्यांनी आपलं जहाज आत बसवलं, ट्यूब उघडली आणि क्रेन चिकटवली. सुपरग्लू जरा जास्तच आला. तळहातावर ओघळला. पण अशा क्षणी तळहाताकडे कोण बघतं?

"आता ते तुमचं यंत्र लावा की!" बाबा कौतुकाने म्हणाले. "शून्य बघू द्या आम्हाला!"

डाव्या हाताने त्यांनी ऐटीत यंत्र लावलं.

डावीकडे दीड अंश.

"किती आलं हो?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर जवळ आले, वाकले, आकडा वाचला आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, पाणी कुठून शिरलं?"

डॉक्टरांची बायको खुदकन हसली. तिची बहीण, म्हणजे धाकट्या जावयांची स्वतःची बायको, त्याहून मोठ्याने हसली!

आणि त्या हसण्यात धाकट्या जावयांच्या डोक्यात उजेड पडला. ओटा! इतकी वर्षं जगाचे ओटे तपासले आणि हाच तेवढा राहिला!

"कपाट!" ते ओरडले. "कपाट वाकडं आहे!"

"ते मी मागेच म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"आत्ता सरळ करतो!" त्यांनी टीपॉयवरच्या पुठ्ठ्याची जाड घडी केली, डाव्या खांद्याने कपाट रेटून उचललं आणि घडी पायाने कपाटाच्या डाव्या पायाखाली सारली.

"अहो थांबा, थांबा!" बाबा ओरडले. "मीच मुद्दाम तिरकं ठेवलंय ते! दाराचा खटका तुटलाय! सरळ केलं की दार उ..."

दार उघडलं. अगदी संथपणे, एखाद्या पाहुण्याला 'या' म्हटल्यासारखं. आणि नाक टेकून उभी असलेली साडूंची युद्धनौका त्याच्या मागोमाग वरच्या खणातून निघाली.

धाकट्या जावयांनी उजवा हात पुढे केला. थप्प! झेल!

"वा वा वा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पाठ थोपटली. डॉक्टरांचे तर डोळे भरून आले. "साडूभाऊ, तुमचे उपकार... द्या इकडे."

"देतो," धाकटे जावई म्हणाले.

"द्या ना."

"जरा वेळाने देतो."

डॉक्टरांनी जहाज हलकेच ओढलं. जहाजाबरोबर हात आला, हाताबरोबर धाकटे जावई आले.

"गरम पाण्यात बुडवा," सासूबाई म्हणाल्या.

"नको! रंग जाईल!" डॉक्टर किंचाळले.

"आणि माझा हात?"

"हाताला रंग कुठे दिलाय? चला दवाखान्यात. ते सोडवायचं औषध तिथे आहे. आणि वाटेत डोलकाठी सांभाळा!"

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. तळहातावर शत्रूची युद्धनौका घेऊन धाकटे जावई भर रस्त्यातून निघाले. इस्त्रीवाल्याने इस्त्री थांबवली. पाव विकणारा सायकलवरून उतरला. "काय जहाज आहे राव! तुम्ही केलं?" धाकटे जावई दात आवळून चालत राहिले. आपलं जहाज टॅक्सीतून चादरीत गुंडाळून आणलं होतं. ते एका माणसानेही पाहिलं नव्हतं!

दवाखान्यात संध्याकाळचे पेशंट बसलेलेच होते. डॉक्टर औषध शोधायला आत गेले. गाल सुजलेल्या एका बाईंनी दुखणं विसरून जहाजाकडे पाहिलं.

"अगं बाई! किती सुरेख! या एवढ्या बारीक दोऱ्या... तुम्हीच केलंत?"

धाकटे जावई थकले होते. हात दुखत होता. आणि इतक्या प्रेमाने त्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

"कशाच्या हो या दोऱ्या?"

"सोपं आहे! प्लास्टिकचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा. मऊ झाला की दोन्हीकडून ओढायचा..."

सगळे पेशंट सरकून जवळ आले. धाकटे जावई खुलले. त्यांनी तोफा समजावल्या, नांगर समजावला, आणि धुराड्यावर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आतलं दार उघडं आहे आणि दारात डॉक्टर उभे आहेत. कधीपासून उभे होते, देव जाणे!

"डॉक्टर, पाहिलंत का यांचं जहाज?" बाई म्हणाल्या.

धाकट्या जावयांनी मान खाली घातली.

"पाहिलं तर!" डॉक्टर म्हणाले. "माझे साडू आहेत ते. हात नव्हेत हो, सोनं आहे! या साडूभाऊ, आत या."

आत दिव्याखाली ते कितीतरी वेळ कापसाने औषध लावून एकेक बोट सोडवत होते. बोलत नव्हते. धाकट्या जावयांना ते सहन होईना.

"बोला की काहीतरी! खोटं बोललो मी. शिव्या तरी घाला!"

"कशाच्या शिव्या?" डॉक्टर अंगठा सोडवत म्हणाले. "तुमचं ते धूड मधल्या खणात शिरलं, तेव्हा माझा किती जळफळाट झाला ते मलाच ठाऊक! खरं सांगू? दार उघडलं ना, तेव्हा क्षणभर वाटलं, तुमचं पडावं."

"माझं?"

"हो. आणि पडलं माझं!" त्यांनी शेवटचं बोट सोडवलं. "कुणाला सांगू नका, पण खऱ्याच्या दोनशेपट लहान जहाजाचं खोकं मागवायच्या विचारात आहे मी. सव्वा मीटरच्या वर जाईल."

"कपाटात मावणार नाही."

"तेच तर! बाबांना नवीन कपाट घ्यावं लागेल."

दोघे परतले तेव्हा बाबांनी पुठ्ठ्याची घडी काढून टाकली होती आणि दार आपोआप मिटलं होतं. साडूंचं जहाज या वेळी धाकट्या जावयांनी स्वतः, डाव्या हाताने, नीट तिरकं करून वरच्या खणात लावलं. उजव्या हाताला पट्टी होती.

"आता लावा यंत्र," डॉक्टर म्हणाले. "दोन्हींना. होऊनच जाऊ दे!"

बाबा पुढे सरसावले. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दोघी बहिणी सोफ्यावर उभ्या राहिल्या. धाकट्या जावयांनी आधी मधल्या खणातल्या जहाजावर यंत्र टेकवलं, मग वरच्या खणातल्या, आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

मधला खण, डावीकडे दीड अंश. वरचा खण, डावीकडे दीड अंश.