नलिनी. क्षय. गेली. फार रडलो.

वाचलेल्या कादंबऱ्यांची व्यवस्थित नोंद ठेवणारा माणूस आटगावपासून मुरबाडपर्यंत मी एकटाच होतो, हे मी नम्रपणे सांगतो. दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावं. दोघे मिळून रडू.

मी शहापुरात एका भातगिरणीवर कारकून होतो. भात येई, तांदूळ जाई, कोंडा माझ्या केसांत राही. संध्याकाळी वाचनालयातून कादंबरी उचलायची आणि गावाकडे चालता चालता पहिलं प्रकरण संपवायचं, असा माझा नेम होता. या पद्धतीने मी ओढ्यातही गेलो आहे, पण पुस्तक भिजू दिलं नाही.

आमच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं एकाच काळ्या कापडात बांधलेली होती आणि प्रत्येकाचं पहिलं पान आधीच कुणीतरी नेलेलं होतं. त्यामुळे पुस्तकाचं नाव कळण्याची सोय नव्हती. नायिका खोकायला लागली की मला शंका यायची, ही बाई आपल्याला कुठेतरी भेटली आहे. ती मेली की खात्री पटायची. अशा रीतीने मी एकाच नलिनीसाठी तीनदा रडलो. तिसऱ्यांदा रडून झाल्यावर ठरवलं की हे उधळेपणाचं आहे. नोंद ठेवायची. पुस्तकाला नाव नाही तर नायिकेच्या नावाने ठेवायची. तिचं नाव, तिचं काय झालं, आणि आपला अभिप्राय.

पहिल्यांदा वही केली. आईने तिच्या पानांत सुकट बांधून आत्याला पाठवली. माझे साहित्यविषयक विचार किन्हवलीच्या चुलीत गेले. दुसरी वही बाने विड्या पेटवण्यात संपवली. माझा बा, म्हणजे धाकलू, पुस्तकांच्या विरुद्ध नव्हता. कागद चांगला जळतो एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आणि मग मला भिंत सुचली. इथे माझ्या बुद्धीचं कौतुक करायला हरकत नाही.

त्या काळी हिवतापाचं औषध मारणारे सरकारी लोक घरोघर येत. पाठीला पंप, नाकाला फडकं. घरभर औषध मारून झालं की मागच्या पडवीच्या भिंतीवर गेरूने तारीख घालायची, सही करायची आणि बजावायचं, "औषध आहे तोवर भिंत सारवायची नाही." माझ्या आईने यातलं 'औषध आहे तोवर' सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं. ती भिंत सरकारची झाली. बाकीचं घर शेणामातीने सारवून लख्ख व्हायचं, पण त्या भिंतीला आईचा हात लागत नसे. आईला वाचता येत नव्हतं, बालाही नाही. मी गेरू घेतला आणि सरकारी सहीच्या बरोबर खाली, सरकारी वळणात, लिहिलं:

नलिनी. क्षय. गेली. फार रडलो.

जगातली सगळ्यात सुरक्षित वही मला सापडली होती. आई स्वतः तिची राखण करत होती.

पुढे माझ्या लग्नाचं निघालं. मुरबाडकडच्या रामूतात्यांची मुलगी, जना. तिला मी म्हसा गावच्या जत्रेत पाहिलं होतं. ती घोंगडीवाल्याशी भाव करत होती. शेवटी घोंगडीवाला रडकुंडीला आला. मला ती फार आवडली. हिच्याशी लग्न झालं तर ठीक, नाहीतर गिरणीतच कोंडा होऊन राहायचं, असा मी निश्चय केला. तो कोणाला सांगितला नाही, कारण आमच्यात मुलाला कोणी विचारत नाही.

ठरण्याआधी मुलीकडची माणसं घर पाहायला येतात. भाताची कणगी किती भरली आहे, बैल कसे आहेत, विहीर किती लांब, सगळं बघतात. रामूतात्या आले. त्यांची विधवा बहीण ताराबाई आली, आणि जनाचे कान्हूमामा आले. कान्हूमामा चौथी पास होते आणि वाचायला मिळालं की सोडत नसत. एसटीचं तिकीट ते दोन्ही बाजूंनी वाचत.

बाने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मोठी मानसं बोलत असली की तू बोलायचा नाय. इचारलं तरच बोलायचं."

मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलो. बैल पसंत पडले. विहिरीचं पाणी रामूतात्या तांब्याभर प्यायले आणि म्हणाले, "गोड हाय." मग मंडळी मागच्या पडवीत आली, कारण कणगी तिथे होती. रामूतात्यांनी कणगीवर थाप मारून आवाज ऐकला.

"भरलीय," ते म्हणाले.

माझं लग्न जवळजवळ झालं होतं. तेवढ्यात कान्हूमामांची नजर वर गेली.

"ह्ये काय लिवलंय?"

"सरकारी हाय ते," आई अभिमानाने म्हणाली. "हिवतापवाल्यांनी लिवलंय. दोन दिवाळ्या गेल्या, पन मी बोट लावलं नाय."

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि ते मोठ्याने वाचायला लागले. आधी तारीख. मग सही. मग त्याच आवाजात, "नलिनी. क्षय. गेली. फार रडलो."

पडवीत एक कोंबडी होती, ती बाहेर गेली.

"कोन नलिनी?" रामूतात्यांनी विचारलं.

बाने आईकडे पाहिलं. आईने बाकडे पाहिलं.

"आमच्यात कोन नाय नलिनी," बा म्हणाला.

"मग सरकार खोटं लिवतं काय?"

बाचा सरकारवर पूर्ण विश्वास होता. तलाठ्याने एकदा त्याला सांगितलं होतं की तुझा बांध तुझा नाही. तेही त्याने मान्य केलं होतं. तो जरा विचार करून म्हणाला, "लिवलंय म्हंजे असल कोनतरी. मी दिवसभर शेतावर असतो."

"आन् फार रडलो म्हंजे कोन रडला?" ताराबाईंनी विचारलं.

"साहेब," मामा म्हणाले. "ज्याची सही, तोच रडला."

"हिवतापाचा साहेब रडला?"

"मानूसच हाय तो बी."

मी घसा खाकरला. बाने डोळे वटारले. मी खाकरणं अर्ध्यात परत गिळलं.

"कुंदा," मामा वाचत होते. "विहिरीत उडी. फार उशीर केला."

"कंच्या विहिरीत?" रामूतात्या एकदम म्हणाले आणि त्यांचा हात पोटावर गेला. ताराबाईंनी ओठाला लावलेला तांब्या हळूच खाली ठेवला.

"उशीर कोनी केला?"

"साहेबानीच. सरकारी मानूस, येळेवर कधी येनार." मामांना आता सूर सापडला होता. "वत्सला. विषमज्वर. गेली. पुन्हा आणावी."

"मेलेली पुन्हा कशी आनायची?"

मामांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तेच म्हनतो मी. ह्या घरात कायतरी येगळं चाललंय."

मी उभा राहिलो. "बस खाली," बा म्हणाला. मी बसलो.

"प्रमिला. लग्न झाले. कंटाळा आला."

"ह्ये मातर खरं वाटतं," ताराबाई म्हणाल्या.

"उषा. शेवट कळण्याआधी ग्रंथपालाने नेली."

"ग्रंथपाल कोन रे?"

"जंगलखात्याचा असल," मामा म्हणाले.

जंगलखात्याचं नाव निघालं आणि सगळं संपलं. हिवताप, क्षय, विहीर, इथपर्यंत माणूस एक वेळ समजून घेतो. रामूतात्यांनी छत्री काखेत मारली. ते वाईट माणूस नव्हते. जाताना चांगलं बोलून जावं म्हणून त्यांनी बाच्या खांद्यावर हात ठेवला.

"धाकलूभाऊ, बैल बेस हायत. कणगी भरलीय. पन तुमच्याकडं बाया टिकत नाय."

इकडे आईने पदर डोळ्यांना लावला होता. ती नलिनीसाठी रडत होती. "कोनाची का असंना बिचारी," ती म्हणाली, "माझ्या घरात खोकून खोकून मेली आन् मला ठावं नाय. घोटभर पानी तरी दिलं असतं."

मी कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होतो. न आलेली जना माझ्या डोळ्यांसमोर दारातून परत चालली होती, तिच्या काखेत घोंगडी होती. आणि मला कोणी काही विचारत नव्हतं.

विचारलं ते ताराबाईंनी.

"ह्या पोराचं तोंड मघापासून मासोळीवानी उघडझाप करतंय. त्याला इचारा की. काय रे, तुला म्हायतीय का ह्या बाया?"

"मीच लिवलंय ते," मी म्हणालो. "बाया पुस्तकातल्या हायत. मी वाचतो, आन् इसरू नये म्हनून लिवतो. ग्रंथपाल म्हंजे वाचनालयाचा मानूस. पुस्तकाची मुदत संपली, म्हनून परत घेऊन गेला."

रामूतात्या दारातून परत फिरले.

"म्हंजे मेलं कोन नाय?"

"नाय."

"मग रडलास कशाला?"

मी केसांतला कोंडा झटकू लागलो.

"म्हंजे ह्ये सरकारी नाय?" कान्हूमामा म्हणाले. त्यांचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा झाला होता. "मी उगाच उभ्यानं वाचलं?"

आईचं रडणं थांबलं. तिने पदर कमरेला खोचला. "शेजारनी मला आळशी म्हनाल्या रे चंदर. आख्ख्या गावात माझीच भिंत काळी. आन् मी त्यांना सांगतेय, सरकारचं काम हाय." एवढं बोलून ती गोठ्यात गेली आणि शेणाची पाटी घेऊन आली. पाहुण्यांसमोर तिने खालून सारवायला सुरुवात केली. पहिल्या हाताला उषा गेली. दुसऱ्या हाताला प्रमिला गेली. तिचं मला दुःख झालं नाही. हात वत्सलेवर जाणार, तोच ताराबाईंनी आईचं मनगट धरलं.

"थांब गो बाय. हिचं काय झालं ते तरी कळू दे."

"गाडी जाईल," रामूतात्या म्हणाले.

"दुसरी येल. बोल रे पोरा."

मी सांगू लागलो. वत्सलेचा नवरा परगावी, सासू काही केल्या औषध आणणार नाही, ताप उतरत नाही, आणि नवऱ्याचं पत्र पोचतं ते ती गेल्यावर. ताराबाईंनी सासूला नावं ठेवली. मी दर ओळीला थोडा थांबत होतो, कारण आईचा शेणाचा हात वर तयार होता. वत्सला संपली आणि सारवली गेली. मग कुंदा. कुंदाच्या वेळी कान्हूमामांना राहवलं नाही.

"तो हिरो काठावर उभा राहून भाषन काय करतो? दोर सोड ना मेल्या."

"तेच मी लिवलंय मामा," मी म्हणालो. "फार उशीर केला."

"बरोबर लिवलंयस," मामा म्हणाले. मघाचा अपमान त्यांनी इथे माफ केला. रामूतात्या छत्रीवर हनुवटी ठेवून उंबऱ्यावर बसले होते. फक्त बसलेत, ऐकत नाहीत, असं त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

नलिनी मी शेवटी सांगितली. तीन वेळा रडलो असल्यामुळे मला ती पाठ होती. ती नवऱ्याला आजार कळू देत नाही, रुमाल लपवते, त्याच्या सदऱ्याची बटणं लावते. सडकेवर मुरबाडच्या गाडीचा भोंगा वाजला आणि लांब गेला. कोणी उठलं नाही. मी संपवलं तेव्हा कान्हूमामांचं तोंड धोतराच्या सोग्यात होतं.

"तिला आपल्याकडं आनायला पायजे होती," बा म्हणाला. "हवा चांगली हाय."

आईचा हात तसाच वर राहिला होता. शेण सुकायला लागलं होतं. "ही एक ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

रामूतात्या उंबऱ्यावरून म्हणाले, "सगळं खरं. पन रडका जावई करायचा म्हंजे..."

"दादा," ताराबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा बैल मेला, तवा ह्ये दोन दिस जेवले नाय. मी तापानं फणफणले, तवा मला इचारलं, भाकऱ्या कोन करनार? ह्यो पोरगा न बघितलेल्या बाईसाठी रडतो. जनेला ताप आला तर निदान पानी तरी गरम करल. मी सांगते, द्या पोरगी."

रामूतात्या उठले, कणगीवर पुन्हा एकदा थाप मारली, आणि सोयरीक ठरली.

वैशाखात लग्न झालं. जना चौथीपर्यंत शिकलेली, हे मला लग्नानंतर कळलं आणि मी हवेत तरंगू लागलो. आता घरात दोन वाचक. आता दोघे एका कंदिलाशी बसून एका पुस्तकासाठी रडणार. मी वाचनालयातून एक जाडजूड काळी कादंबरी निवडून आणली, रस्त्यात एक पानही उघडलं नाही, आणि तिच्या हातात दिली.

जनाने पुस्तक उलटं धरलं, शेवटचं पान उघडलं, चूल फुंकता फुंकता वाचलं आणि मिटून ठेवलं.

"मरते," ती म्हणाली.

"कोण?"

"ती सुलभा. आन् तो डॉक्टर हिमालयात जातो. अवो, भात उतरवा, लागंल खाली."

मी भात उतरवला. तेव्हापासून पुस्तक घरात आलं की कोण मरणार ते मला जेवणाआधी कळतं, आणि रडायचं असेल तर तेही मी जेवणाआधीच उरकून घेतो.