टाकीमागची प्रार्थना

आमच्या गावात संध्याकाळचा नियम मोडायची कुणाची छाती नाही, असं मी मिशीला पीळ देऊन सांगायचो. शंख फुंकला की घरात बसून प्रार्थना करायची. बाहेर भटकताना सापडलात तर दंड! सगळ्या गावात पाद्रीबाबांकडे एकच फोन होता तोवर ठीक होतं. आता आमच्या या सवाई नावाच्या बेटावरही खिशाखिशात मोबाईल आले. म्हणून पंचांच्या बैठकीत मीच ठराव आणला : शंखानंतर फोन वापरला, तर एक डुक्कर दंड. एकटा पिलिपो आडवा आला. माझा व्याहीच तो, आडवा येणारच.

त्याच आठवड्यात तिकडे ऑकलंडला माझ्या लेकीला, म्हणजे पिलिपोच्या सुनेला, मुलगी झाली. लेकीचं नाव मेले. आमची पहिली नात! मला माझ्या आईचं नाव हवं, तालालेलेई. पिलिपोला त्याच्या आईचं. शेवटी मेले वैतागली. "आज फोन करते. दोघं मिळून एकच नाव सांगा, नाहीतर मी माझ्या मनाचं ठेवते."

गावात रेंज मिळते ती फक्त चर्चच्या पाण्याच्या टाकीपाशी. ऊन कलायच्या आत मी तिथे हजर. पिलिपोही आला, पण त्याच्या फोनची बॅटरी संपलेली. तासभर आम्ही हुज्जत घातली. फोन काही येईना. शेवटी शंख वाजला आणि नेमका तेव्हाच फोनही वाजला! रस्त्यावर मीच नेमलेली पोरं पहाऱ्याला. आम्ही दोघे टाकीमागे दडलो.

मी कुजबुजत नाव सांगितलं.

"बाबा, काही ऐकू येत नाही. मोठ्याने बोला ना!"

मोठ्याने बोलायची सोय कुठे होती? मग मला सुचलं. रोजच्या भजनाची चाल धरली आणि खणखणीत आवाजात आईचं नावच गायला लागलो.

पिलिपो म्हणजे चर्चमधला सगळ्यात भारी खर्जाचा आवाज. कुणी भजन उचललं की त्याचं तोंड आपोआप उघडतं. त्याने लगेच खालचा सूर लावला, शब्द माझेच! आपण काय गातोय हे कळल्यावर त्याचे डोळे पांढरे झाले. पण भजन अर्ध्यावर सोडणं त्याच्या रक्तातच नाही. घराघरांतून लोकांनी सूर मिळवला. पहाऱ्याची पोरं आली ती माना खाली घालून उभीच राहिली. सगळं गाव तालालेलेई गात होतं आणि मला रडू फुटलं.

"मामंजी, तुम्हीसुद्धा?" मेले फोनवर हुंदके देत म्हणाली. "मग ठरलं. तालालेलेई!"

माझ्या हातातला फोन पोरांनी पाहिला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बैठकीत दंडाचा विषय निघाला. पिलिपो शांतपणे म्हणाला, "माझा फोन बंद होता. मी प्रार्थना करत होतो." तो सुटला.

माझं सगळ्यात मोठं डुक्कर भाजलं गेलं. नाव माझ्या आईचं लागलं होतं, म्हणून मी हूं की चूं केलं नाही. पण पाठीचा तुकडा दुसऱ्यांदा वाढून घेताना पिलिपो तेच भजन गुणगुणत होता, हे मात्र जरा अतीच झालं.