जीपचे वकील

पाथरीत कुणाची गाडी बंद पडली तर तो मिस्त्रीकडे जाई. आमचे माणिकराव वकील गाडीवर खटला भरत. दर रविवारी सकाळी अंगणात त्यांची जुनी लष्करी जीप उभी राही, बॉनेट उघडलं जाई, आणि लुंगीवर काळा कोट चढवून वकीलसाहेब तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. "मुलजिम हाजिर है?" ते विचारत. "हाजिर है," मी म्हणायचो. दुसरं कोण म्हणणार? मी त्यांचा ज्युनियर होतो.

ज्युनियर कसा झालो तेही ऐका. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गावोगाव वातावरण तापलेलं. आमच्या वस्तीतला मी पहिला वकील, आणि नेमकी त्याच वर्षी पाथरीतल्या कुठल्याच वकिलाला ज्युनियरची गरज नव्हती. माणिकरावांनी मला एकच प्रश्न विचारला, "वाव्हळे, जीप ढकलता येती का?" मी म्हटलं, येते. "मग उद्यापासून या." पुढे चार प्रतिष्ठित मंडळी त्यांना समजवायला आली, तर म्हणाले, "तुमच्यापैकी कोण ढकलतंय? कोणीच न्हाई ना? मग चहा घ्या अन् जावा."

साहेब निजामाच्या काळात उर्दूत वकिली शिकलेले. जीप मुलजिम, म्हणजे आरोपी. युसूफ मिस्त्री गवाह. आणि जीपचं वकीलपत्र साहेबांकडंच. त्यामुळे न्याय कुणाच्या बाजूनं लागणार हे ठरलेलंच असे.

दुखणं मात्र चमत्कारिक होतं. गावात थांबत थांबत दिवसभर फिरवा, तक्रार नाही. सेलूच्या रस्त्याला लागून थोडं अंतर कापलं की जीपचा दम जायचा. अ‍ॅक्सिलेटर दाबावा तर वेग आणखीच उतरे, चार आचके बसत आणि सगळं गार. मग साहेब खाली उतरून सीट उचलत, कारण या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखालीच असते. झाकण उघडून पेट्रोल बघत, झाकण घट्ट लावून वर फडकं आवळत, आणि चावी फिरवली की बया अशी पळायची जणू काही झालंच नाही. त्यातही टाकी काठोकाठ भरली की लवकर बंद पडे. अर्धी असली की पार लांब जाई. "पोट भरलं की सुस्ती येती. माणसाचंबी तसंच हाय," असं साहेबांचं म्हणणं.

युसूफ मिस्त्रीनं प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, कॉइल नवी टाकली. अंगणात सुरू केली की जीप शिवणयंत्रासारखी चाले. "क्यों मिस्त्री, आवाजात कुठं खोट हाय?" "नहीं साब." "मग शक का फायदा मुलजिम को." खटला निकालात. त्यानंतर दोष कधी पेट्रोलपंपवाल्याचा, कधी उलट्या वाऱ्याचा, तर एकदा माझा. मी मागं बसताना धपकन बसतो म्हणे. जीपचा दोष कधीच नाही.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये सेलूपलीकडच्या वालूरचं लग्न आलं. सुशीलाकाकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, वालूरच्या. घरात दोघंच, मूलबाळ नाही. भावाची एकुलती एक लेक हेच काय ते काकूंचं लेकरू. तिच्या लग्नाला निघताना साहेबांनी मोठ्या हौसेनं टाकी काठोकाठ भरली. व्हायचं तेच झालं. जीप पुन्हा पुन्हा थांबत गेली, आणि आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठत होत्या. काकू माहेरीच राहिल्या. चार दिवसांनी साहेब न्यायला गेले तर ओसरीवरूनच म्हणाल्या, "आधी ती जीप इका. मग न्यायला या, एसटीनं."

"माझ्या अशिलाला मी इकू?" साहेब बाररूममध्ये सगळ्यांना हसून सांगत. पण दोन्ही वेळेला खानावळीत जेवत होते, आणि घरी जायला टाळाटाळ करत होते. एका रविवारी कोट न घालताच सुनावणीला बसले, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. हा माणूस जीप विकेल आणि मग कशातच मन घालणार नाही, असं मला वाटलं.

मीच म्हटलं, "साहेब, मुलजिमाला रस्त्यावर नेऊ. गुन्हा जिथं होतो तिथंच पंचनामा." टाकी भरून निघालो. सेलूच्या अलीकडं जीपनं दम टाकला. साहेबांनी सीट उचलली, फडकं सोडलं, झाकण फिरवलं. आतून सुस्स असा आवाज आला.

"हा आवाज रोजच येतो का?" मी विचारलं.

"येतो की. पेट्रोलचा असंल."

"बाहेर येतो का आत जातो?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. वाकून झाकणाला कान लावला. माणूस हुशार, लगेच उमगलं. "हवा आत ओढायलीय," ते हळूच म्हणाले. "पेट्रोल टाकीतून निघायचं तर वरून हवा पाहिजे. झाकणाला भोक असतंय त्यासाठी. वाव्हळे, ते भोक मी बुजवलंय. लाख भरून, वर सायकलच्या ट्यूबचा वायसर घालून. दोन वर्षं झाली."

"का पण?"

"हिला पेट्रोलच्या वासानं मळमळायचं. बोलायची न्हाई कधी. शेजारी बसून नाकाला पदर लावायची, अन् मी बघितलं की पदर काढायची." त्यांनी फडकं दोनदा झटकलं. "भोक बुजवल्यापासून पदर खाली आला. मला वाटलं, झालं काम."

तसेच पुढं वालूरला गेलो. काकू ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. "सापडला का आरोपी?" त्यांनी सूप न थांबवता विचारलं.

"सापडला. मीच हाय."

एवढं बोलून कोर्टात तासन् तास बोलणाऱ्या माणसानं मला पुढं ढकललं. मग मीच सगळं सांगितलं, लाखेपासून वायसरपर्यंत. काकूंचं सूप थांबलं. "दोन वर्सं मला वाटायलं, मलाच सवय झाली वासाची," त्या म्हणाल्या, आणि पिशवी भरायला आत गेल्या.

परत येताना सेलूपर्यंत दोघांचं भांडण. काकू म्हणत, भोक मोकळं करा, मी लावीन पदर. साहेब म्हणत, न्हाई, मी थांबत थांबत जाईन. मी मागं बसून मनातल्या मनात खूश होतो.

युसूफ मिस्त्री म्हणाला, झाकणाला नळी लावून बाहेर काढतो, वासही नाही अन् बंद पडणंही नाही. घडीभराचं काम आहे. साहेबांनी त्याला तारीख दिली. मग पुढची दिली. वर्षामागून वर्षं तारखाच पडत गेल्या, आणि काकूंनीही कधी घाई केली नाही. जीप थोडी दमायला लागली की साहेब बाभळीची सावली बघून उभी करत. काकू वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसत. साहेब झाकण उघडून वास जाईपर्यंत पंच्यानं वारा घालत, मग झाकण आवळून काकूंशेजारी बसत. डब्यातलं थालीपीठ निघे. घरी दोघं इतका वेळ बोलत बसलेले मी कधी बघितले नाहीत.

एकदा असेच थांबलो असताना एक ट्रकवाला वेग कमी करून ओरडला, "काय वकीलसाहेब, बंद पडली का?"

साहेब उत्तर द्यायला उठणार, तोच काकूंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"पडली न्हाई," त्या म्हणाल्या. "आमीच थांबवलीय."