निवडून आलेली गाडी

"हिला पाणी कुणी लावलं?"

सकाळी साडेसहाला अंगणात उभं राहून अभिमन्यू गव्हाणे यांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा घरातल्या तिन्ही बायकांनी तीन वेगवेगळ्या भिंतींकडे पाहिलं. बायको शिवकन्या कॅलेंडरच्या भिंतीकडे, मुलगी स्वप्नाली घड्याळाच्या भिंतीकडे, आणि चुलती वत्सलाबाई कोऱ्या भिंतीकडे. कोऱ्या भिंतीकडे पाहणाराच गुन्हेगार असतो, हे सव्वीस वर्षं नेकनूरच्या शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे गव्हाणे सरांना ठाऊक होतं. पण गुन्हेगार चौऱ्याहत्तर वर्षांचा आणि नात्यानं मोठा निघाला, की मास्तरकीचा काही उपयोग होत नाही.

"मीच लावलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "गुलाल पडलता आत. म्हणलं, तू दमून आलास, पुसून ठिवावं. बादलीभर पाणी अन् धुण्याची पावडर घेतली. आता तोंड कावून वाकडं करतो?"

गाडी आठ महिन्यांची होती. बाहेरून पांढरी आणि आतून क्रीम. कंपनीच्या पुस्तकात त्या रंगाला हस्तिदंती म्हटलं होतं, त्यामुळे सरही हस्तिदंतीच म्हणत. गाडीच्या अंगाला त्यांनी बीडला नेऊन रंगावर काही चिकटू न देणारं सिरॅमिक कोटिंग करून घेतलं होतं, पाच वर्षांच्या वॉरंटीचं. काचेचं फडकं वेगळं, बॉडीचं वेगळं, डॅशबोर्डचं वेगळं. गाडीचा शाम्पू आम्लधर्मी तर नाही ना, हे सर लिटमस कागद लावून तपासत. घरातल्या माणसांच्या साबणाची अशी चौकशी कधी झाली नव्हती. आत बसण्याआधी चपला एकमेकींवर तीनदा आपटायच्या असा नियम होता आणि गाडीत शेंगदाणे खाल्ल्याबद्दल शिवकन्याबाईंच्या सख्ख्या बहिणीला पाडळशिंगीच्या टोलनाक्याजवळ उतरवण्याची वेळ आली होती.

त्या हस्तिदंती सीटा आता गुलाबी झाल्या होत्या. कोरडा गुलाल झटकला असता तर निघाला असता. पण काकूंनी पावडर लावून मन लावून चोळल्यामुळे तो चांगला आत, स्पंजापर्यंत पोहोचला होता.

आता हा गुलाल आला कुठून? तर आदल्या दिवशी ग्रामपंचायतींचा निकाल होता. सरांना मतमोजणीची ड्यूटी लागली होती गेवराईला. फोन सकाळीच दारात जमा. दिवसभर ते चार नंबरच्या टेबलावर मशीनचे आकडे लिहून घेत होते. तेवढ्यात इकडे त्यांचा मेहुणा सोमनाथ घाटनांदूरहून आला आणि बहिणीकडून गाडीची चावी घेऊन गेला.

"त्यो म्हणला, निकाल ऐकून येतो," शिवकन्याबाई म्हणाल्या. "निवडून यील असं कुणाला वाटलतं?"

सोमनाथला स्वतःलाही वाटलं नव्हतं. पण तो आला. वॉर्ड क्रमांक तीनमधून, सदस्य म्हणून. मग पोरांनी त्याला गाडीच्या छताच्या खिडकीतून कमरेइतका बाहेर काढला आणि समोर जेसीबी लावून त्याच्या अंगावर बकेटभर गुलाल सोडला. सोमनाथच्या अंगाला लागला तेवढा लागला. उरलेला त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी गाडीत गेला.

सरांनी मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, आधी अभिनंदन तर करा."

"गाडीत काय केलंस तू?"

"बाहेरून एक ओरखडा हाय का सांगा. एक दाखवा अन् मला जोडा मारा."

"बाहेरून नाही म्हणतोय मी. आतून."

"आतून कोण बघतंय, दाजी?"

सरांनी फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि कोटिंगवाल्याला लावला. पाच वर्षांची वॉरंटी होती, आणि राग कुणावर तरी काढणं आवश्यक होतं.

"सर, पेंटला काही झालंय का?" कोटिंगवाल्यानं अदबीनं विचारलं.

"पेंटला काही नाही."

"म्हणजे आपलं काम पक्कं झालंय. गुलाल टिकलाच नाही ना वर? सरकून गेला बघा."

"सरकून आत गेला."

"ते आपल्याकडं येत नाही, सर."

मंगळवारपासून गाडी गावातल्या बजरंगच्या वॉशिंग सेंटरवर उभी राहिली. बजरंगनं दार उघडलं, आत डोकावला, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं सरांकडे पाहिलं.

"पाणी कुणी लावलं?"

"लावलं कुणीतरी. तू पुढचं बोल."

बजरंगनं आधी हवेचा पाइप मारला. त्यामुळे सीटांवरचा सुटा गुलाल उडाला आणि एसीच्या जाळ्यांमधून आत जाऊन बसला. मग त्यानं फेस मारला. त्यामुळे गुलाबी रंग मागच्या सीटवरून दारांच्या कापडावर आला. शनिवारी संध्याकाळी सर गाडी न्यायला गेले, तेव्हा सगळी गाडी आतून एकसारखी गुलाबी होती.

"आता डाग दिसत न्हाई," बजरंग म्हणाला. आणि ते खरं होतं. "पण सर, एसी लावू नका. आत लई गुलाल बसलाय. नवी जाळी मंगळवारी येणार."

हे सगळं एरवी चाललं असतं. सर महिनाभर चिडले असते, सोमनाथशी सहा महिने बोलले नसते, आणि विषय मिटला असता. पण रविवारी उमापूरला जायचं होतं.

उमापूरला स्वप्नालीचं ठरत आलं होतं. मुलगा रविराज, कृषी खात्यात. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. स्वप्नालीनं याआधी तीन स्थळं चहा निवायच्या आत नाकारली होती आणि याच्याशी मात्र ती रोज गच्चीवर तासभर बोलत होती. आता मुलीकडच्यांनी घर पाहायचं आणि वडिलांशी बोलणी करायची एवढंच उरलं होतं. अडचण एकच होती. रविराजचे वडील भारतराव सरपंचपदाला उभे होते आणि अकरा मतांनी पडले होते.

"पप्पा, त्यांचे वडील सहा दिवसांपासून कुणाशी नीट बोलत नाहीत," स्वप्नालीनं सांगितलं. "दूधवाल्याच्या कपाळाला गुलाल दिसला तर त्याचं दूध बंद केलं. चुलत भावाच्या सदऱ्यावर दिसला, तर त्याला ओसरीवरून उठवलं. बसनं जा ना तुम्ही."

"घरी गाडी असताना मुलीचा बाप बसनं उतरला, तर काय दिसतं ते?"

"मग तिथं काही बोलू नका. तुम्ही चिडला की थांबत नाही."

"मी चिडत नाही," सर एवढ्या जोरात म्हणाले, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

रविवारी सरांनी सीटांवर दुहेरी चादरी अंथरल्या, पांढरी पँट आणि पांढरा शर्ट घातला, शेजारी शिवकन्याबाईंना आणि मागे मोतिया लुगडं नेसलेल्या वत्सलाबाईंना बसवलं आणि निघाले. सीटा अजून ओलसर होत्या, पण चादरींवर सरांचा विश्वास होता.

गेवराईच्या पुढे रस्ता खोदलेला होता. काचा उघडाव्यात तर धुरळा आत येणार. सरांनी उघडू दिल्या नाहीत. आत भट्टी झाली.

"अभिमान्या, माझा जीव घाबरायलाय," मागून वत्सलाबाई म्हणाल्या.

"काकू, आलंच उमापूर."

"मेलेली न्यायची हाय का मला सोयरिकीला?"

शिवकन्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, चुलतसासूबाईंकडे पाहिलं आणि एसीचं बटण चारवर फिरवलं. क्षणभर गार हवा आली. मग आतून एक हलकासा खोकल्यासारखा आवाज झाला आणि वॉर्ड क्रमांक तीनचा सगळा विजय तिघांच्या तोंडावर आला.

भारतरावांच्या ओसरीवर आठ-दहा माणसं बसली होती. निकालापासून ती रोज येत, अकरा मतं कुठं गेली याची चर्चा करत आणि जेवायच्या वेळेला उठून जात. फाटकातून पांढरीशुभ्र गाडी आत आली. तिच्यातून तीन गुलाबी माणसं उतरली. सर वळून दार लावायला लागले, तेव्हा त्यांची मागची बाजूही दिसली. चादरींनी विश्वासघात केला होता. वत्सलाबाई शिंकल्या आणि थोडा गुलाल पायरीवरही पडला.

भारतराव उठले, धोतराचा सोगा सावरला आणि आत जायला वळले. रविराज दारात उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सरांना दिसलं की हे गेलं. मुलीची सोयरीक त्या उंबऱ्यातून आत चालली होती आणि परत बाहेर येणार नव्हती.

"मालक, थांबा," ओसरीवरचा आसाराम नावाचा कार्यकर्ता म्हणाला. "ह्या मास्तरांना पाह्यलंय मी. मोजणीला हुते हे. आपल्याच टेबलावर."

भारतराव थांबले, पण पाठमोरेच. "असं का? मोजलं बी यांनीच, अन् गुलाल बी यांचाच. कोण निवडून आलं तुमचं?"

"मेहुणा," सर म्हणाले. शिवकन्याबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. सहा दिवस साठलेलं होतं आणि आता झाकण राहिलं नव्हतं.

"मेहुणा आलाय माझा निवडून. सरपंच न्हाई, आमदार न्हाई, मेंबर. वॉर्ड नंबर तीन. त्याला चार मतं पडली तर त्याच्यासाठी जेसीबी आणला. गावच्या रस्त्याचा खड्डा बुजवायला सात वर्षं जेसीबी मिळंना, अन् ह्या गड्याच्या डोक्यावर गुलाल टाकायला दहा मिनिटांत हजर. अहो, निवडून आलात तर घरी जा, हातपाय धुवा, भाकर खा, गप झोपा. काम सुरू करा उद्यापासून. पण न्हाई. छतातून वर निघायचं, हात हलवायचा. कुणाला हलवतोस बे हात? समोर तुझाच मावसभाऊ उभा हाय. जिंकलेला माणूस म्हणजे काय असतो हो? ज्याला दुसऱ्याच्या घरात घाण करायचा परवाना मिळाला असा माणूस. मला एक सुद्धा जिंकलेला माणूस डोळ्यासमोर नको. एक सुद्धा."

सरांना आता भान आलं आणि घाम फुटला. घामानं कपाळावरचा गुलाल विरघळून खाली यायला लागला. शिवकन्याबाईंनी डोळे मिटून घेतले.

भारतराव हळूहळू वळले.

"पुढं?" ते म्हणाले.

"पुढं काय?"

"बोला की अजून. हात हलवत हुता म्हणालात."

सर बोलले. भारतराव ओसरीच्या कडेला टेकून ऐकत होते. परवाना या शब्दाला त्यांनी मान डोलावली आणि तो भाग पुन्हा सांगायला लावला. जेसीबीला तर आसारामनंसुद्धा मांडीवर थाप मारली. सहा दिवसांत पहिल्यांदा भारतराव हसले, तेव्हा त्यांच्या बायकोनं आतून चहा ठेवला, आणि तो संपल्यावर दुसरा ठेवला. दुसरा चहा आला म्हणजे सोयरीक झाली, हे शिवकन्याबाईंनी ओळखलं आणि डोळे उघडले.

सुपारी फुटली. आसाराम उत्साहानं उठला. "मालक, निकालासाठी आणलेली गुलालाची चार पोती पडून हायेत. दुकानदार परत घीना. उधळू का?"

"न्हाई," भारतराव म्हणाले.

"नाही," सर म्हणाले.

दोघांच्या तोंडून हे एकदमच निघालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भारतरावांची नजर अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथं पत्र्याखाली, कापडी झाकणाच्या आत, एक गाडी उभी होती.

"काळी हाय," भारतराव हळूच म्हणाले. "दसऱ्याला घेतली. कोटिंग केलंय."

"वॉरंटी?"

"सात वर्षं."

मग बोलणी बायकांनी उरकली. दोघे व्याही पत्र्याखाली वाकून बॉनेटमध्ये आपापली तोंडं पाहत होते. भारतराव झाकण एका कोपऱ्यापासून कसं गुंडाळायचं ते दाखवत होते.

"ह्याच गाडीनं पाडलं मालकाला," ओसरीवर आसाराम कुणाला तरी सांगत होता. "मतदानाच्या दिवशी वस्तीवरच्या अकरा म्हाताऱ्या रस्त्याला बसून हुत्या, मालकाची गाडी न्यायला यील म्हणून. मालक गेले मोटरसायकलवर, हात जोडून आले. म्हणले, आयांनो, चालत या. एक बी आली न्हाई."

उन्हं कलली तेव्हा निघायची वेळ झाली. वत्सलाबाई मात्र फाटकात उभ्या राहिल्या आणि हलेनात.

"मी त्या भट्टीत पुन्ना बसायची न्हाई. व्याही, तुमच्या गाडीत गेवराईपतोर सोडा मला. तिथनं बस मिळती."

भारतरावांनी वत्सलाबाईंच्या लुगड्याच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. मग काळ्या गाडीकडे पाहिलं.

"काकू," ते अखेर म्हणाले, "पाचची एसटी हाय. मी सोता तुमच्यासंगं थांब्यापतोर चालत येतो. पिशवी द्या इकडं."

वत्सलाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं; त्याचं भडकणं निदान आता तरी कामाला येईल, असं त्यांना वाटलं.

पण अभिमन्यू गव्हाणे भडकले नाहीत. काकूंची पिशवी घेऊन उन्हातून थांब्याकडे निघालेल्या व्याह्यांच्या पाठीकडे ते पाहत राहिले. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

"पोरगी चांगल्या घरात पडली," ते शिवकन्याबाईंना म्हणाले.