ओल्या फडक्याची करामत

टाकीतली हवा काही केल्या हटेना. पंप सकाळपासून घरघरत होता आणि दाबाचा काटा एकाच जागी ठाण मांडून बसला होता. सरांचं तोंड कडू झालं. चार वाजता समिती येणार होती. विरळ हवेत प्लाझ्माचा निळा झोत पेटलेला दिसला तर प्रयोगशाळा वाचणार, नाहीतर टाळं. तीस वर्षांचा संसार त्या मेल्या काट्यावर लटकला होता.

"सर, गळती कुठेच नाही," संशोधन करणारी विद्यार्थिनी म्हणाली. "आत कुणी ओलं फडकं फिरवलं का?"

सर उगाच खिडकीबाहेर बघू लागले. पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून काल त्यांनीच टाकीची काच आतून ओल्या फडक्याने पुसली होती. टाकीत थेंबभर पाणी दिसलं तर याद राखा, असं पोरांना दरवर्षी बजावणारा हा माणूस! त्या ओलीची वाफ आता निघता निघत नव्हती.

"मीच गं," सर पुटपुटले. "काच मळकट दिसत होती."

"मग आता तापवूया. दुसरं काय करणार!"

टाकीला हीटरच्या पट्ट्या गुंडाळल्या. काटा जरासा हलला आणि सरांना धीर आला. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? शेजारच्या खोलीतला हीटरही आणून जोडला. फट्! अख्ख्या इमारतीची वीज गेली. पंप बंद. चार वाजले होते आणि समिती लिफ्टमध्ये होती.

सर धापा टाकत लिफ्टपाशी पोचले.

"अहो, कोणी आहे का? जीव गुदमरतोय इथे!" आतून समितीच्या अध्यक्षबाई ओरडल्या.

"घाबरू नका मॅडम, लिफ्टला फटी असतात. हवा येते." इथेच थांबले असते तर! पण ऐकणारे आयते सापडले होते आणि विषय हवेचा होता. "आता समजा, फटी नसत्या. पाच माणसं, एवढीशी जागा. तासाभरात डोकं दुखायला लागलं असतं. मग..."

"सर, पुरे ना!" विद्यार्थिनीने त्यांची बाही ओढली.

"अगं, बघ तरी, किती मन लावून ऐकताहेत." आत खरंच चिडीचूप होतं. सर वीस मिनिटं बोलले. इतक्या शांतपणे त्यांचं आजवर कुणीच ऐकलं नव्हतं.

वीज आली. पाच जण बाहेर पडले, घामाघूम आणि पांढरेफटक. अध्यक्षबाईंनी भिंतीचा आधार घेत विचारलं, "तुमचं ते यंत्र नेमकं करतं काय?"

सरांचा चेहरा खुलला. "बंद टाकीतली सगळी हवा काढून घेतं!"

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि तिथेच, भिंतीवर कागद धरून, प्रयोगशाळेला टाळं ठोकायच्या हुकमावर सही केली.