रानपिंगळ्यासाठी गोवऱ्यांचे पोते

सहल फसते ती केवळ नियोजनाच्या अभावी, असे माझे ठाम मत होते. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि तेथील निसर्ग मंडळाचा प्रमुखही आहे. त्यामुळे मेळघाटाची कौटुंबिक सहल मी एखाद्या प्रयोगासारखी आखली. घटक मोजके: मी, पत्नी नीलम आणि कन्या आकांक्षा. अडथळे शून्य. उद्दिष्ट एक: रानपिंगळा!

रानपिंगळा म्हणजे भरदिवसा शिकार करणारे, जेमतेम पेरूएवढे दिसणारे घुबड. शतकाहून अधिक काळ तो नामशेष समजला जात होता. पुढे पुन्हा सापडला. या पक्ष्यावर मी दरवर्षी सचित्र व्याख्यान देतो. तो मी कधीही पाहिलेला नाही. या दोन विधानांत विसंगती नाही. इलेक्ट्रॉनवरही मी व्याख्यान देतोच!

आकांक्षाला मात्र हा युक्तिवाद मान्य नव्हता. जूनमध्ये ती पुण्याच्या वसतिगृहात जाणार होती. "बाबा, मी जायच्या आधी आपण दोघांनी मिळून तो पाहायचा," असे तिने बजावले होते, आणि मी, आयुष्यात प्रथमच, पुराव्याशिवाय शब्द दिला होता.

माझ्याकडून चूक झाली ती एकच. सहलीचा आराखडा मी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला आणि शेवटी एक सर्वसाधारण शिफारस जोडली: 'अशा शांत, अभ्यासपूर्ण सहली प्रत्येक कुटुंबाने कराव्यात.'

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दाराची घंटा वाजली. दारात अकोल्याचे माझे सासरे वामनराव, सासूबाई गोदाबाई, मेहुणा किशोर आणि किशोरच्या खांद्यावर एक तट्ट फुगलेले पोते!

"या, या," मी म्हणालो. "अचानक?"

"अचानक काहून?" सासूबाई चपला काढत म्हणाल्या. "तुमीच तं सर्वायले बोलावलं ना, जवाईबापू!"

"ती शिफारस होती."

"तेच तं. तुमच्यासारखा माणूस शिफारस करते, मंग आमी घरी बसून राहावं काय?"

मी पोत्याकडे बोट दाखवले. "आणि हे?"

"गोवऱ्या," किशोर म्हणाला आणि त्याने ते पोते माझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकवले.

खुलासा असा: आकांक्षाचा पुण्यात नंबर लागला तर मारुतीला रोडगे करीन, असा सासूबाईंचा नवस होता. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजावे लागतात. शिवाय माणसे मिळून रानात निघाली म्हणजे रोडगे होणारच, हा आमच्या वऱ्हाडात गुरुत्वाकर्षणापेक्षा जुना नियम आहे.

"पण मारुती कोणता?" मी विचारले.

"कोन्ताबी. मेळघाटचा मारुती काय अकोल्याच्या मारुतीहून वेगळा असते?"

मी नीलमकडे पाहिले. नीलमने छताकडे पाहिले.

पहाटे आम्ही सहा जण आणि गोवऱ्या एका गाडीत निघालो. माझ्या मांडीवर कणकेचे पातेले होते. दुर्बीण वांग्यांच्या पिशवीत गेली होती. परतवाडा मागे पडतो न पडतो तोच नीलम किंचाळली, "अहो! पोत्यातून काहीतरी सरपटलं!"

"सापसुरळी आहे थे," वामनराव शांतपणे म्हणाले. "गोवऱ्यायच्या उडवीत राहाते. अकोल्यापासून संगच आहे आपल्या. काई करत नाई."

म्हणजे प्रवासी सात!

जंगलाच्या फाटकावर वनरक्षक धर्मपाल उभा होता. त्याने कागद पाहिले, गाडीत ओझरती नजर टाकली, दोन प्रश्न विचारले आणि आम्हाला पुढे सफारीच्या जीपकडे जाण्याची खूण केली. पोते सासूबाईंच्या शालीखाली होते. ते त्याला दिसले नव्हते.

वाचकहो, येथे कोणताही व्यवहारी माणूस गप्प बसला असता. मी मात्र म्हणालो, "थांबा! गोवऱ्यांची नोंद राहिली."

सासूबाईंनी शाल दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मे महिन्यातले वाळलेले गवत आणि गोवरीसारखा ज्वलनशील पदार्थ," मी खाली उतरून समजावू लागलो, "यांचा संयोग किती घातक आहे, याची आपल्याला कल्पना..."

"सर," धर्मपाल कष्टी चेहऱ्याने म्हणाला, "आता तुमी सांगतलं म्हणून मले पाहावंच लागते. पोतं आत नेता येत नाई. इथंच ठेवा."

"नवसाचं सामान बेवारस नाई ठेवत मी!" सासूबाई कडाडल्या. "कणकेले कुत्र्यानं तोंड लावलं मंजे?"

"बेवारस तं मलेबी चालत नाई, मामी. कोणी जबाबदार माणूस थांबला पायजे."

जबाबदार माणूस! पाचही जणांच्या नजरा एकाच दिशेने वळल्या.

"भाऊजी," किशोर म्हणाला, "शोध तुमचाच आहे."

"बाबा, मी थांबते तुमच्यासोबत," आकांक्षा म्हणाली.

"मुळीच नाही," मी म्हणालो. "तू जा. निदान एकाने तरी निरीक्षण केले पाहिजे." हे वाक्य उच्चारताना आवाज स्थिर ठेवायला मला बरेच श्रम पडले.

"आणि जवाईबापू, नुसते बसू नका," सासूबाई जीपमध्ये चढता चढता म्हणाल्या. "थ्या मारुतीच्या पाराजवळ गोवऱ्यायचा जगरा लावून ठेवा. आलो की रोडगे टाकू!"

फाटकाबाहेर खरोखरच एक शेंदूर लावलेला मारुती होता आणि त्याच्यामागे निष्पर्ण सागवान. पारापाशी गाववाले नेहमी चूल मांडतात, असे धर्मपालने सांगितले, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि तो फाटकाकडे परतला.

मी गोवऱ्या शास्त्रशुद्ध रचल्या. हवेला वाट ठेवली. तरी त्या पेटल्या नाहीत! ज्वलनाचे सर्व नियम मला पाठ आहेत. गोवऱ्यांना ते ठाऊक नसावेत. त्यातच वानरांची टोळी आली आणि त्यांच्यातल्या थोराने, बैठकीतला अध्यक्ष पेढा उचलतो तशा रुबाबात, एक वांगे उचलले. मी फुंकणी उगारली. त्याने मला दात दाखवले. मी त्याला आणखी एक वांगे दिले!

ऊन चांगलेच चढल्यावर जीप परतली. तोवर गोवऱ्यांचा एवढा धूर झाला होता, की मारुतीही अंधुक दिसत होता.

"दिसला?" मी विचारले.

आकांक्षाने मान हलवली. डोळे खाली. "आजी बोलत होती, बाबा."

"बाप्पा! मी काय बोलली?" सासूबाई म्हणाल्या. "डायवरले त्याच्या घरचं इचारलं फक्त. तीन पोरी आहेत त्याले!"

मला संताप आला, पण धुरात संताप दाखवता येत नाही. नुसताच खोकला येतो. आकांक्षा माझ्याशेजारी बसली. "जाऊ द्या, बाबा," ती म्हणाली. "दिवाळीत पाहू."

"पोरीले वाईट वाटून राहिलं," सासूबाई म्हणाल्या. "जवाईबापू, बसले काय? फुका! खालच्या गोवऱ्या अजून पेटल्याच नाईत. किशोर, उरलेल्या काढ रे!"

मी गुडघ्यांवर वाकलो, गाल फुगवले आणि फुंकर मारली. किशोरने पोते उलटे केले. तळाशी बसलेली अकोल्याची सापसुरळी सुसाट बाहेर पडली आणि नेमक्या त्याच क्षणी गोवऱ्यांनी सारा धूर माझ्या डोळ्यांत सोडला.

"बाबा!" आकांक्षा कुजबुजली. "बाबा, वर! सागवानावर!"

"अवो माय, केवढुसं आहे थे!"

"भाऊजी, पाहा ना!"

"खाली आला! सापसुरळी धरली!"

मी पाहत होतो, अगदी सर्व शक्तीनिशी पाहत होतो. मला अश्रू दिसत होते. डोक्यावरून काहीतरी फडफडत गेले. बादलीत तोंड बुडवून मी डोळे उघडले, तेव्हा सागवानाची एक फांदी हलत होती. फक्त हलत होती.

"इतके दिवस याच्यासाठी जीव टाकत होते?" सासूबाई म्हणाल्या. "पाहा, नवस बोलला की घुबडबी हजर!"

"हा निव्वळ योगायोग..." मी सुरुवात केली आणि थांबलो. सापसुरळी गोवऱ्यांतून आली होती, गोवऱ्या नवसातून. कार्यकारणभाव अभेद्य होता. आकांक्षा माझ्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती आणि म्हणत होती, "दोघांनी मिळून पाहिला, बाबा!" मी प्रतिवाद केला नाही.

रोडगे उत्तम झाले होते.

यंदापासून व्याख्यानात मी आकांक्षाने त्या क्षणी टिपलेले छायाचित्र दाखवतो. रानपिंगळा आणि मी, दोघेही त्यात एकत्र आहोत. त्यातल्या एकाचे डोळे टपोरे, पिवळे आणि थेट कॅमेऱ्याकडे रोखलेले आहेत. दुसऱ्याचा फक्त मागचा भाग दिसतो.