दाबल्याशिवाय उडत नाही

सहदेव उतेकरांनी रिव्हॉल्वर जितकं पारखून घेतलं तितकं पारखून बायकोही केली नव्हती, आणि हे नीलाने त्यांना ऐकवूनही झालं होतं. पोलादपूरला हायवेवर त्यांचा पेट्रोल पंप. घाटात गाड्या अडवल्याच्या बातम्या यायला लागल्या म्हणून त्यांनी परवान्याचा अर्ज केला, आणि तो मंजूर झाल्यावर तेच जास्त घाबरले.

मुंबईच्या दुकानात त्यांनी दुकानदाराचं डोकं उठवलं. पिस्तुलाचा सुरक्षेचा खटका लावायचा राहून गेला तर? ऐन वेळी अडकलं तर?

"मग रिव्हॉल्वरच घ्या," दुकानदार म्हणाला. "अडकण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. याचा चाप जड आहे, पडलं तरी उडणार नाही."

"आणि वरनं मांजर गेलं तर?"

दुकानदाराने चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दाबल्याशिवाय उडत नाही, साहेब. फक्त काडतुसं वेगळी ठेवा आणि कोरडी ठेवा."

नीला शिवथरची. सासरी तिचं एकाच गोष्टीशी वैर होतं, ते म्हणजे सासूबाईंची चूल. गॅस येऊन वर्षं झाली, तरी जानकीबाईंना भाकरी चुलीवरचीच लागायची आणि धुराने नीलाचे डोळे बारा महिने लाल असायचे. त्यात आता हे.

"धूर सोसते मी," ती म्हणाली. "पण हे न दाबता एकदा जरी उडालं, तरी मी शिवथरला जाणार. परत यायची नाय."

"दाबल्याशिवाय उडत नाय," सहदेवरावांनी शपथेवर सांगितलं. रिव्हॉल्वर लोखंडी कपाटात गेलं आणि किल्ली करगोट्याला. काडतुसं फडक्यात बांधून त्यांनी आईच्या हवाली केली. "आय, जपून ठेव. ओली नाय झाली पायजेत."

जुलैत धुकं उतरलं. भरदुपारी अंगणातला फणस दिसेना. लाइट गेलेली, सावित्री नदीचा घुमारा तेवढा सतत ऐकू येत होता, आणि खिडकीतून धुकं हळूहळू घरात शिरत होतं. जेवणं आटोपून तिघं माजघरात बसली होती.

तेवढ्यात घरात गोळी सुटली.

सहदेवरावांचा हात करगोट्याकडे गेला. किल्ली जागेवर होती. त्यांनी कपाट उघडलं. रिव्हॉल्वर आपल्या डब्यात झोपलेलं होतं. त्यांनी ते उघडून पाहिलं, वास घेतला. आत काही नव्हतं.

"हात लावून बघ. थंडगार हाय. हे उडालेलंच नाय."

दुसरी गोळी सुटली. सहदेवरावांनी हातातलं उघडं, रिकामं रिव्हॉल्वर अलगद गादीवर ठेवलं आणि ते दोन पावलं मागे सरले. "मी दाबलं नाय," ते म्हणाले.

"आधी कोनाचं होतं हे?" नीलाने हळू आवाजात विचारलं.

"नवं हाय गो."

"मग त्याच्यातनं बोलतंय कोन?"

धुक्यातून शेजारचा भिकू दारात उगवला. त्याने गादीकडे पाहिलं आणि उंबरा काही ओलांडला नाही. "माझ्या आज्याची बंदूक पन अशीच वाजायची," तो म्हणाला. "शेवटी मानूस घेतलान तिनं."

नीला उठली आणि पिशवीत लुगडी भरू लागली. तिसऱ्या आवाजासरशी आत तांब्याचा हंडा टणकन वाजला आणि स्वयंपाकघरातून तोंडात बोंबील धरलेलं मांजर बाणासारखं बाहेर पळालं.

"अगो बाय," जानकीबाई म्हणाल्या. "फळीवरची पुरचुंडी."

पावसात काडेपेटी, मीठ, सुके बोंबील, जे कोरडं राहायला हवं ते चुलीवरच्या फळीवर. काडतुसंही तिथेच, बोंबलांशेजारी. मांजराने बोंबील ओढले आणि पुरचुंडी निखाऱ्यात पडली.

"आय, तू काडतुसं चुलीवर ठेवलीस?"

"तूच म्हनालास ओली नाय झाली पायजेत. या घरात पावसात दुसरी कोरडी जागा दाखव मला."

सहदेवरावांनी घरभर नजर फिरवली; चारही भिंतींना ओल आली होती. नीलाने लुगडी परत घडवंचीवर ठेवली. रिव्हॉल्वर शब्दाला जागलं होतं, हे तिनेही मान्य केलं.

पण राख उपसल्यावर एक काडतूस कमी भरलं. ते चुलीच्या भेगेत गेलं की अजून कुठे, कळायला मार्ग नव्हता. त्या दिवसापासून चूल पेटवायला कुणाचा हात धजेना. संध्याकाळी ती काळोखात आ वासून बसलेली असायची आणि जानकीबाई तिच्याकडे लांबूनच बघायच्या. भाकऱ्या गॅसवर होऊ लागल्या.

श्रावण लागला तेव्हा जानकीबाईंनी चाचरत विचारलं, "ते मिळालं काय गो?"

"नाय, आय." नीलाने गॅस जरा बारीक केला. तिचे डोळे आताशा स्वच्छ दिसत होते. "एकाचा तरी काय भरवसा?"

ते तिला गोळ्या उडाल्या त्याच संध्याकाळी लाकडांच्या ढिगामागे सापडलं होतं. लग्नातल्या शालूत गुंडाळून तिने ते पेटीच्या तळाशी ठेवलं होतं, वेगळं आणि कोरडं.